स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी, इ.स. १८५९ - २ ऑक्टोबर, इ.स. १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. भौतिक रसायनशास्त्र या ज्ञानशाखेच्या संस्थापकांमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि याकोबुस व्हान्ट हॉफ यांच्यासह त्यांची गणना होते. आम्ल, आम्लारी व क्षार पाण्यात विरघळताच त्यांचे विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत विचरण होते, हा सिद्धांत त्यांनी मांडला. या कार्यासाठी त्यांना इ.स. १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणाचा उलगडा, तसेच एखाद्या समीकरणातील अज्ञात अभिक्रियाकारक ओळखण्याची शालेय पद्धत, या दोन्हींचा पाया त्यांच्या सिद्धांतात आहे.

बालपण व शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडनमधील उप्साला शहराजवळील विक या जहागिरीत झाला. त्यांचे वडील स्वांते गुस्ताफ अऱ्हेनियस हे भूमापक होते आणि विक येथील जहागिरीची व्यवस्थाही पाहत असत. आईचे नाव कारोलिना क्रिस्टिना थुनबर्ग होते. इ.स. १८६० मध्ये हे कुटुंब उप्साला येथे स्थायिक झाले. स्वांते वयाच्या तिसऱ्या वर्षी कोणी न शिकवता वाचू लागले, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील आकडेमोड पाहत त्यांना अंकगणिताची गोडी लागली. आठव्या वर्षी त्यांनी उप्सालाच्या कॅथीड्रल शाळेत थेट पाचव्या इयत्तेत प्रवेश घेतला. इ.स. १८७६ मध्ये ते तेथून उत्तीर्ण झाले.

त्याच वर्षी त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या अध्यापनाने त्यांचे समाधान झाले नाही. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर तेओडोर क्लेव्ह आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक टोबियास थालेन यांच्याकडे आपल्या आवडीचे संशोधन करता येईल असे त्यांना वाटेना. म्हणून इ.स. १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले व स्वीडिश विज्ञान अकादमीच्या भौतिकी संस्थेत एरिक एडलुंड यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. तेथे त्यांनी अतिशय विरल द्रावणांच्या विद्युतवाहकतेचे मापन हाती घेतले.

डॉक्टरेटचा प्रबंध

मायकेल फॅरडे यांच्या काळापासून असे मानले जात होते की, द्रावणातून विद्युतप्रवाह सोडल्यावरच आयन तयार होतात. शुद्ध पाणी विजेचे वहन जवळजवळ करत नाही आणि कोरडे मीठही करत नाही. मात्र मिठाचे पाणी वीज वाहून नेते. अऱ्हेनियस यांनी अनेक पदार्थांच्या द्रावणांची वाहकता मोजली. द्रावण विरल करत गेल्यास विरघळलेल्या पदार्थाच्या दर ठरावीक राशीमागे वाहकता वाढत जाते, असे त्यांना आढळले. यावरून द्रावणातील काही रेणू विजेच्या दृष्टीने सक्रिय व काही निष्क्रिय असतात आणि द्रावण जितके विरल तितके सक्रिय रेणूंचे प्रमाण अधिक असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. रासायनिक अभिक्रियांतही हाच सक्रिय भाग सहभागी होतो, असे त्यांचे मत होते.

सुमारे १५० पानांचा हा प्रबंध त्यांनी इ.स. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला. तो फ्रेंच भाषेत लिहिलेला होता व त्यात ५६ विधाने होती. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी देण्यात आली. तोंडी समर्थनानंतर ती तिसऱ्या श्रेणीपर्यंत वाढवण्यात आली, तरी विद्यापीठात अध्यापकपद मिळण्यास एवढी श्रेणी सामान्यतः पुरेशी नव्हती. पंचविसाव्या वर्षी त्यांची विद्यापीठीय कारकीर्द सुरू होण्याआधीच संपण्याची चिन्हे दिसू लागली.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील अग्रगण्य शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. त्यांत रुडॉल्फ क्लाउझियस, लोथार मायर, व्हान्ट हॉफ आणि रीगा येथील ओस्टवाल्ड यांचा समावेश होता. ओस्टवाल्ड त्या वेळी आम्लांची रासायनिक अभिक्रियेतील तीव्रता मोजत होते. ज्या आम्लाची वाहकता अधिक त्याची अभिक्रियेतील तीव्रताही अधिक, हा अऱ्हेनियस यांचा निष्कर्ष त्यांच्या मापनांशी जुळला. इ.स. १८८४ च्या ऑगस्ट महिन्यात ते स्वतः उप्साला येथे आले आणि त्यांनी अऱ्हेनियस यांना रीगा येथे पद देऊ केले. वडील आजारी असल्यामुळे अऱ्हेनियस यांनी ते त्या वेळी स्वीकारले नाही. परंतु परदेशी शास्त्रज्ञाने घेतलेल्या या दखलीचा परिणाम होऊन त्याच वर्षी उप्साला विद्यापीठाने त्यांची डोसेंट या अध्यापकपदावर नेमणूक केली. त्यांच्या वडिलांचे इ.स. १८८५ मध्ये निधन झाले.

परदेशातील संशोधन व विचरण सिद्धांत

स्वीडिश विज्ञान अकादमीची प्रवासवृत्ती मिळाल्यावर अऱ्हेनियस यांनी इ.स. १८८६ पासून रीगा येथे ओस्टवाल्ड, व्ह्युर्त्सबुर्ग येथे फ्रीडरिख कोलराउश, ग्रात्स येथे लुडविग बोल्ट्झमान आणि ॲम्स्टरडॅम येथे व्हान्ट हॉफ यांच्याबरोबर काम केले.

व्हान्ट हॉफ यांनी विरल द्रावणांसाठी वायूंसारखेच नियम मांडले होते. साखरेच्या द्रावणाला ते नियम लागू पडत, पण आम्ल, आम्लारी व क्षार यांच्या द्रावणांना पडत नसत. साखरेचे जितके रेणू पाण्यात घातले असता गोठणबिंदू जितका खाली येतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट फरक तितक्याच सोडियम क्लोराइडमुळे पडत असे. द्रावणातील मिठाच्या प्रत्येक एककाचे सोडियमचा धन आयन व क्लोराइडचा ऋण आयन असे दोन स्वतंत्र कण झालेले असतात, हे मानल्यास या विसंगतीचे कारण कळते, हे अऱ्हेनियस यांनी ओळखले. वाहकतेवरून काढलेले विचरणाचे प्रमाण आणि गोठणबिंदूवरून काढलेले प्रमाण परस्परांशी जुळत होते. आयन विजेमुळे निर्माण होत नाहीत, ते द्रावणात आधीपासूनच असतात, हा सिद्धांत त्यांनी इ.स. १८८७ मध्ये ओस्टवाल्ड व व्हान्ट हॉफ यांनी नुकत्याच सुरू केलेल्या भौतिक रसायनशास्त्रविषयक जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या सिद्धांतानुसार, पाण्यातील द्रावणात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल व हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी. ज्याचे विचरण जवळजवळ पूर्ण होते ते तीव्र आम्ल किंवा आम्लारी, ज्याचे अंशतः होते ते सौम्य.

उदासिनीकरणाचा उलगडा

आम्ल व आम्लारी एकत्र आल्यास क्षार व पाणी तयार होतात, हे अऱ्हेनियस यांच्या आधीपासून ज्ञात होते. या अभिक्रियेत बाहेर पडणारी उष्णता जेर्मेन हेस व युलियस थॉमसेन यांनी मोजली होती. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांची कोणतीही जोडी घेतली, तरी विरल द्रावणात तयार होणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक मोलमागे ही उष्णता जवळजवळ सारखीच, सुमारे ५७ किलोज्यूल, भरते. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळे क्षार तयार करत असताना उष्णता मात्र एकच का, याचे उत्तर मिळत नव्हते.

अऱ्हेनियस यांच्या सिद्धांताने ते मिळाले. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या द्रावणांत हायड्रोजन, क्लोराइड, सोडियम व हायड्रॉक्साइड हे चारही आयन आधीपासून सुटे असतात. द्रावणे मिसळल्यावर हायड्रोजन व हायड्रॉक्साइड यांचे पाणी होते, सोडियम व क्लोराइड होते तसेच राहतात. नायट्रिक आम्ल व पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतले तरी प्रत्यक्ष अभिक्रिया तीच असते, म्हणून उष्णताही तीच असते. आम्ल सौम्य असल्यास त्याचे विचरण घडवून आणण्यात काही ऊर्जा खर्ची पडते व मोजलेली उष्णता सामान्यतः कमी येते. अतिशय सौम्य अशा हायड्रोसायनिक आम्लाच्या बाबतीत ती सुमारे १२ किलोज्यूल इतकीच असते.

अज्ञात अभिक्रियाकारकाची ओळख

उदासिनीकरणात पाणी कोणत्याही जोडीपासून सारखेच तयार होते, म्हणून पाण्यावरून मूळ पदार्थांची नावे कळत नाहीत. ती क्षारावरून कळतात. क्षारातील धन आयन आम्लारीकडून आलेला असतो व ऋण आयन आम्लाकडून. त्यामुळे समीकरणातील एक अभिक्रियाकारक दिलेला नसल्यास तो क्षाराच्या घटकांवरून शोधता येतो.

नायट्रिक आम्ल + ? → पोटॅशियम नायट्रेट + पाणी

या समीकरणात नायट्रेट हा भाग दिलेल्या आम्लातून आला आहे. पोटॅशियम उरतो, तो आम्लारीतून आला असला पाहिजे. म्हणून अज्ञात पदार्थ पोटॅशियम हायड्रॉक्साइड असू शकतो.

? + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॅल्शियम सल्फेट + पाणी

येथे कॅल्शियम आम्लारीचा आहे, म्हणून सल्फेट देणारे सल्फ्युरिक आम्ल हे उत्तर येते. सल्फ्युरिक आम्लाच्या एका रेणूपासून दोन हायड्रोजन आयन मिळतात व कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या एका एककापासून दोन हायड्रॉक्साइड आयन, म्हणून दोन्हींचे प्रमाण एकास एक असते व पाण्याचे दोन रेणू तयार होतात. तेच आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने पूर्णपणे उदासीन करायचे असल्यास आम्लारीची दोन एकके लागतात.

धातूचे नाव कळल्यावरही आम्लारी नेमकी कोणती, हा प्रश्न उरतो. तेथे इतर उत्पादिते मोजावी लागतात. सल्फ्युरिक आम्लाच्या एका रेणूपासून कॅल्शियम सल्फेट तयार होताना पाण्याचे दोन रेणू मिळाल्यास अज्ञात पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, एकच रेणू मिळाल्यास कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुनकळी. पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत असल्यास तो कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असतो. हायड्रोक्लोरिक आम्लापासून अमोनियम क्लोराइड तयार झाले, पण पाणी मुळीच तयार झाले नाही, तर अज्ञात पदार्थ अमोनिया असतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आहेत की नाही, हे पाहून उत्तराची पडताळणी केली जाते.

ही पद्धत एका क्षारापुरती निर्णायक आहे. द्रावणात अनेक क्षार एकत्र असल्यास मात्र अऱ्हेनियस यांचाच सिद्धांत तिची मर्यादा दाखवतो. सोडियम क्लोराइड व पोटॅशियम सल्फेट यांचे द्रावण आणि योग्य प्रमाणात घेतलेले पोटॅशियम क्लोराइड व सोडियम सल्फेट यांचे द्रावण, यांत तेच चार सुटे आयन असतात. अशा द्रावणाच्या पृथक्करणावरून कोणते आयन आले हे सांगता येते, परंतु कोणता आयन कोणाच्या जोडीने आला हे सांगता येत नाही.

सिद्धांताच्या मर्यादा

अमोनियामध्ये हायड्रॉक्साइड गट नसतो, तरीही तो आम्लाचे उदासिनीकरण करतो. पाण्याशिवाय इतर द्रावकांत आणि वायुरूपातही अशा अभिक्रिया घडतात. अऱ्हेनियस यांची व्याख्या पाण्यातील द्रावणांपुरतीच असल्याने ती येथे अपुरी पडते. इ.स. १९२३ मध्ये योहान्स ब्रन्स्टेड व थॉमस लॉरी यांनी स्वतंत्रपणे प्रोटॉन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल व घेणारा म्हणजे आम्लारी अशी अधिक व्यापक व्याख्या केली. त्याच वर्षी पीटर डेबाय व एरिख ह्युकेल यांनी तीव्र विद्युत अपघटनींच्या द्रावणातील आयनांच्या परस्पर आकर्षणाचा हिशेब मांडला आणि अऱ्हेनियस यांच्या गणितातील एक मोठी उणीव भरून काढली. द्रावणातील आम्लता मोजण्याची सामू ही मापनश्रेणी इ.स. १९०९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी सुचवली होती. ती हायड्रोजन आयनांच्या संहतीवर आधारलेली असल्याने तिचा पायाही विचरण सिद्धांतात आहे.

इतर संशोधन

इ.स. १८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी तापमानानुसार अभिक्रियेचा वेग कसा बदलतो याचे स्पष्टीकरण दिले. रेणूंनी परस्परांशी अभिक्रिया करण्यापूर्वी विशिष्ट ऊर्जेचा अडसर ओलांडणे आवश्यक असते, ही सक्रियन ऊर्जेची कल्पना त्यातून पुढे आली. अभिक्रियेचा वेग व तापमान यांचा संबंध सांगणारे समीकरण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

इ.स. १८९६ मध्ये त्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा पृथ्वीच्या तापमानावर होणारा परिणाम हाताने आकडेमोड करून काढला. हे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सियसने वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. हिमयुगांचे कारण शोधणे हा त्या संशोधनाचा मूळ हेतू होता, आणि थंड प्रदेशांना ही तापमानवाढ लाभदायक ठरेल असे ते मानत. विषे व प्रतिविषे यांच्यातील अभिक्रियांना भौतिक रसायनशास्त्राचे नियम लावण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. अंतराळातून सूक्ष्म बीजांणूंच्या रूपाने सजीव पृथ्वीवर आले असावेत, या कल्पनेचा त्यांनी पुरस्कार केला होता.

पदे, नोबेल पारितोषिक व वाद

इ.स. १८९१ मध्ये अऱ्हेनियस स्टॉकहोम येथील उच्च शिक्षणसंस्थेत अध्यापक झाले. इ.स. १८९५ मध्ये विरोधानंतर त्यांना तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पुढे काही वर्षे ते त्या संस्थेचे प्रमुखही होते. स्वीडिश विज्ञान अकादमीवर त्यांची निवड इ.स. १९०१ मध्ये झाली, तीही विरोध पत्करूनच. इ.स. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या नोबेल भौतिक रसायनशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होते व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

नोबेल पारितोषिकांची व्यवस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि भौतिकशास्त्राच्या नोबेल समितीचे ते प्रदीर्घ काळ सदस्य होते. या प्रभावाचा त्यांनी मित्रांच्या बाजूने व विरोधकांविरुद्ध वापर केला, असे विज्ञानाच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. दिमित्री मेंडेलीव्ह यांना इ.स. १९०६ मध्ये पारितोषिक न मिळण्यामागे आणि वाल्थर नेर्न्स्ट यांना ते उशिरा मिळण्यामागे त्यांचा विरोध हे एक कारण सांगितले जाते. मेंडेलीव्ह हे विचरण सिद्धांताचे टीकाकार होते.

इ.स. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश वंशशुद्धी संघटनेच्या मंडळावर अऱ्हेनियस होते. इ.स. १९२२ मध्ये उप्साला येथे सुरू झालेल्या शासकीय वंशजीवशास्त्र संस्थेच्या स्थापनेसाठी प्रयत्न करणाऱ्यांतही त्यांचा समावेश होता. त्यांच्या जीवनकार्याच्या या बाजूवर पुढील काळात टीका झाली आहे.

वैयक्तिक जीवन व निधन

इ.स. १८९४ मध्ये अऱ्हेनियस यांचा विवाह त्यांची विद्यार्थिनी सोफिया रुडबेक यांच्याशी झाला. हा विवाह दोन वर्षांत संपुष्टात आला. त्यांना ओलोफ नावाचा मुलगा होता. इ.स. १९०५ मध्ये त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी दुसरा विवाह केला. या विवाहातून त्यांना दोन मुली व एक मुलगा झाला. २ ऑक्टोबर, इ.स. १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन उप्साला येथे करण्यात आले.

वारसा

महाराष्ट्रातील शालेय विज्ञानात आम्ल, आम्लारी व क्षार यांची ओळख अऱ्हेनियस यांच्या सिद्धांताच्या आधारे करून दिली जाते. रासायनिक उद्योगांच्या परिसरात याच सिद्धांताला व्यावहारिक महत्त्व येते. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळील तारापूर औद्योगिक क्षेत्र हे त्याचे एक उदाहरण आहे. देशातील पहिल्या अणुऊर्जा केंद्रामुळे तारापूरचे नाव इ.स. १९६९ पासून सर्वत्र परिचित असले, तरी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या क्षेत्रात औषधे, रंगद्रव्ये व इतर रसायने तयार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात एकत्र येते व प्रक्रियेनंतर नवापूरच्या बाजूने अरबी समुद्रात सोडले जाते.

आम्लयुक्त सांडपाणी सामान्यतः चुना किंवा सोडियम हायड्रॉक्साइड वापरून उदासीन केले जाते. सांडपाण्यासाठीच्या भारतातील सर्वसाधारण मानकांनुसार त्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा लागतो. परंतु सामू योग्य असणे म्हणजे पाणी पूर्ववत होणे नव्हे. सल्फ्युरिक आम्ल चुन्याने उदासीन केल्यास कॅल्शियम सल्फेटचा बराचसा भाग गाळाच्या रूपाने खाली बसतो. हायड्रोक्लोरिक आम्लापासून तयार झालेले कॅल्शियम क्लोराइड मात्र पाण्यात विरघळलेलेच राहते. यामुळे सामूबरोबरच विरघळलेले क्षार, सल्फेट व क्लोराइड यांचेही मापन आवश्यक ठरते.

तारापूरच्या सांडपाण्यामुळे खाड्या, किनारा व मासेमारी यांची हानी होत असल्याची तक्रार घेऊन किनारपट्टीवरील मांगेला समाजाच्या परिषदेने इ.स. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. अनेक कारखान्यांचे पाणी एकत्र झाल्यानंतर त्यातील आयनांवरून कोणते पदार्थ सोडले गेले याचा अंदाज येतो, पण ते कोणी सोडले हे केवळ त्या पाण्याच्या पृथक्करणाने ठरत नाही. मिश्र द्रावणातील सुट्या आयनांविषयी विचरण सिद्धांत जे सांगतो, त्याचाच हा व्यावहारिक परिणाम आहे. त्यामुळे पाणी मिसळण्यापूर्वी, प्रत्येक कारखान्याच्या निकासाशीच नमुने घेणे व नोंदी ठेवणे जबाबदारी निश्चित करण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

सन्मान

अऱ्हेनियस यांना इ.स. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक व इ.स. १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इ.स. १९१० मध्ये ते रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य झाले. इ.स. १९११ मध्ये त्यांना अमेरिकेतील विलर्ड गिब्ज पदक देण्यात आले. चंद्रावरील व मंगळावरील प्रत्येकी एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.